गुप्तभार

मुकादमांच्या जनरल स्टोअरमध्ये निरंजन सुर्वे शिरला, की नझीरभाई हातातलं काम सोडून मागच्या मांडणीकडे यायचे. दुकानात आणखी कोणी असलं तर निरंजन शाम्पूच्या बाटल्यांवरचा मजकूर वाचत उभा राहायचा. गिऱ्हाईक बाहेर पडलं, की नझीरभाई आवाज खाली आणून म्हणायचे, "फार काही नाही, सर. बटणांचं एक कार्ड. आणि मेणबत्त्यांचा पुडा."

किंमत सांगताना ते रस्त्याकडे बघायचे. निरंजनही त्यांच्याकडे न बघता फोनवरून पैसे पाठवायचा. गल्ल्याजवळचं यंत्र खणखणीत आवाजात रक्कम जाहीर करायचं, आणि दोघेही क्षणभर खाली मान घालायचे.

"मॅडमना काही बोलू नका हं," निरंजन दर वेळी सांगायचा.

"छे हो, सर. माझ्या मुलीला केमिस्ट्री त्यांनीच शिकवली."

सहा वर्षं हे चाललं होतं. मॅडम म्हणजे निरंजनची बायको, मृणाल. रत्नागिरीतल्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. गावातले निम्मे डॉक्टर आणि झाडून सगळे औषधवाले तिचे विद्यार्थी होते. पगार चांगला, घर स्वतःचं, मुलगी ईशानी हैदराबादेत नोकरीला. कशाची ददात नव्हती. तरीही मृणाल दुकानांतून बारीकसारीक वस्तू उचलायची. सेफ्टी पिना, खोडरबर, केसांचे चाप, मसाल्याची पाकिटं. घरी आणून त्यातलं काहीच वापरायची नाही.

निरंजनला हे पहिल्यांदा कळलं ते राम आळीतल्या पावसकरांच्या कटलरीच्या दुकानात. पावसकरांनी त्याला आत बोलावून कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. मृणाल पिनांचा पुडा पर्समध्ये सारते, मग काउंटरवर येऊन दुसऱ्या सामानाचे पैसे देते, आणि वर पावसकरांच्या गुडघ्याची चौकशीही करते. हात जराही कापत नव्हता. "घाईत राहिलं असेल," निरंजन म्हणाला. "तसंच असणार," पावसकर म्हणाले. मग निरंजन एकेका दुकानात आडून आडून विचारत फिरला, आणि प्रत्येक दुकानात त्याला तोच ओशाळा चेहरा दिसला.

बायकोला मात्र तो काही बोलला नाही. योग्य वेळ बघून बोलू, असं आधी ठरवलं. ती वेळ पुढे पुढे सरकत गेली. मग इतके दिवस का नाही बोललास, ह्याचं उत्तर देणंच अवघड होऊन बसलं. आपण तिला जपतोय, असं तो मनाशी म्हणायचा, आणि बहुतेक दिवस त्याला ते पटायचंही.

*

निरंजनचं काम गावाबाहेरच्या कड्यावरच्या संशोधन केंद्रात होतं. समुद्रात खोल सोडायचे कान तो बनवत होता. पाण्याखालून जाणाऱ्या जहाजाच्या पंख्याचा आवाज कित्येक मैलांवरून ओळखायचा, आणि जहाज कोणाचं, कुठे चाललंय, ते सांगायचं, अशी ती साखळी. उमेदीची सगळी वर्षं त्यानं तिच्यावर घातली होती. घरी त्यातला एक शब्द काढायची सोय नव्हती. मृणालला एवढंच ठाऊक होतं, की नवरा समुद्राचं काहीतरी करतो.

असल्या कामाला गोपनीयतेचा परवाना लागतो. पूर्वी तो काही वर्षांनी नव्यानं मिळायचा. कोणीतरी येऊन शेजारीपाजारी विचारपूस करायचं, बँकेची कागदपत्रं चाळायचं, आणि चहा पिऊन जायचं. दोन भेटींच्या मधल्या वर्षांत माणसाचं काय होतं, कोणाला पत्ता नसायचा. म्हणून मग 'पारख' आली.

पारखेमागचा शोध तसा साधा होता. खोटं पकडणारी जुनी यंत्रं भीती मोजायची, आणि भीती तर निरपराध माणसालाही वाटते. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. लपवायला कष्ट पडतात. मनातली गोष्ट ओठांवर येऊ नये म्हणून मेंदू सतत दार दाबून धरतो, आणि विषय नुसता जवळून गेला तरी तो दाब वाढवावा लागतो. त्या क्षणी नाकाच्या शेंड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. तिथली त्वचा अंशाच्या काही भागानं गार पडते, डोळ्यांच्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात, पापणी लवायची थांबते. एका प्रश्नावरून ह्यातलं काहीच सिद्ध होत नाही. पण केंद्राच्या फाटकावरच्या पडद्यानं रोज येताजाता दोन साधे प्रश्न विचारले, काल बाजारात गेला होता का, घरी सगळे बरे आहेत का, आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं वर्षभर तो एक चेहरा बघितला, की त्या माणसाची स्वतःची अशी घडण यंत्राला कळते. त्यावरून पारख एक आकडा काढायची. त्याला गुप्तभार म्हणत. माणूस काय लपवतोय हे तिला कळत नसे. ओझं किती आहे आणि कुठल्या बाजूला आहे, पैशांच्या, घराच्या, तब्येतीच्या की परदेशाच्या, एवढंच कळे. जोडीला ती बँकेचे व्यवहार न्याहाळायची. रकमांपेक्षा त्यांची चाल तिला महत्त्वाची वाटायची.

नियम मात्र उदार होते. कर्ज, व्यसन, बाहेरचे संबंध, ह्यांतल्या कशानंही परवाना आपोआप जात नसे. शत्रू वाईट माणसं शोधत नाही, तो झाकलेली गोष्ट असलेली माणसं शोधतो, असं त्या नियमांमागचं तत्त्व होतं. तेव्हा जे असेल ते संस्थेला सांगा, आणि ज्याच्यापासून लपवताय त्यालाही सांगा. ज्याला कळायला नको त्यालाच कळलं, म्हणजे तुम्हाला धमकावणार कोण?

पारख आल्यापासून दोन वर्षांत केंद्राच्या कॉलनीत बरंच काही उघड झालं. एका फिटरनं बायकोला लांज्यातल्या दुसऱ्या संसाराबद्दल सांगितलं. हिशेबखात्यातल्या एकानं वडिलांना सांगितलं, की त्यांनी विश्वासानं दिलेली रक्कम क्रिकेटच्या सट्ट्यात गेली. परवाने शाबूत राहिले, दोन-तीन घरं राहिली नाहीत. निरंजन हे किस्से कॅन्टीनमध्ये ऐकायचा आणि मान हलवायचा. आपल्या बाबतीत पारखेला काही सापडायचं नाही, ह्याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. चोरी त्यानं केली नव्हती. उलट तो पैसे भरत होता.

*

तेजल गवाणकर सुरक्षा विभागात पडताळणीचं काम बघायची. ईशानीच्याच वयाची, बोलायला मऊ. तिनं निरंजनला बोलावलं आणि आधी चहा मागवला. तेव्हाच त्याला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं.

"सर, तुमचा घराच्या बाजूचा भार वर्षभर चढतोय," ती म्हणाली. "आणि हे व्यवहार. गावातल्या निरनिराळ्या दुकानांना बारीक रकमा. आम्ही दुकानांच्या बिलांशी ताडून पाहिलं. पैसे गेलेत, पण विक्री कुठेच नाही. पारखेला हे हप्त्यांसारखं दिसतंय. कोणीतरी तुमच्याकडून पैसे काढतंय, असं."

निरंजनला हसू आलं. देशाचा शत्रू बटणांच्या कार्डाचे पैसे मागतोय, असं काहीतरी तो बोलणार होता. पण तोंड उघडलं तेव्हा भलतंच बाहेर आलं. तो सगळं सांगून मोकळा झाला. पावसकर, मुकादम, ते चित्रण, पर्समध्ये जाणारा हात. सांगून झालं तरी चहा वाफाळतच होता. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि पाठोपाठ मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं जे बायकोशी बोलता आलं नाही, ते त्यानं एका परक्या पोरीला कपभर चहावर सांगितलं होतं.

तेजल चेष्टेनं हसली नाही, की हळहळलीही नाही. "ह्यात परवान्याला आडवं येणारं काहीच नाही, सर. मॅडमना उपचार मिळू शकतात, ते तुमचं तुम्ही बघा. पण तुम्हाला माहीत आहे, हे मॅडमना माहीत नाही. बरोबर?"

"हो, तिला नाही माहीत."

"मग भार तसाच राहणार. उद्या कोणी तुम्हाला म्हणालं, ते चित्रण आम्ही कॉलेजात दाखवतो, नाहीतर मॅडमच्याच फोनवर पाठवतो, तर काय कराल?"

निरंजन खिडकीबाहेर बघत राहिला. खाली समुद्र कातळावर आपटत होता.

"मी देशाशी बेइमानी करीन, असं वाटतं तुम्हाला?" तो शेवटी म्हणाला.

"मला नाही वाटत, सर. पण उत्तर द्यायला तुम्ही वेळ लावलात."

पुढच्या महिन्यात समुद्रचाचणी होती. त्या कानांची साखळी पहिल्यांदाच खोल पाण्यात उतरणार होती, आणि ज्याचा परवाना अडकलाय त्याला जहाजावर पाऊल ठेवता येणार नव्हतं. तेजलनं त्याला एवढंच सांगितलं, की मॅडमशी बोला आणि बोलल्याचं निवेदन फोनवरून भरा.

*

त्यानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. जेवताना तो म्हणाला, "तुझ्याशी जरा बोलायचं होतं." मृणालनं आमटी वाढता वाढता मान वर केली, आणि त्यानं ईशानीच्या घरभाड्याचा विषय काढला. दुसऱ्यांदा तो अंघोळीत वाक्यं घोकून बाहेर आला, तर ती पेपर तपासत स्वतःशीच गुणगुणत होती. गुणगुणणाऱ्या माणसाला असलं काही सांगायचं कसं?

रविवारी दोघं मांडवीच्या जेटीवर फिरायला गेली. वारा पडला होता. मृणाल खुशीत होती.

"काल नझीरभाईंनी मला खजुराचं पाकीट दिलं," ती म्हणाली. "पैसे घेईनात. म्हणाले, मॅडम, तुमच्यामुळे पोरगी फार्मसीला गेली. मला ना, कधीकधी वाटतं, आपण पुण्यालाच राहायला हवं होतं. पण असा मान तिथे कोणी दिला असता रे? दुकानात गेलं की सगळे हातातलं काम टाकून बघतात माझ्याकडे."

सगळे का बघतात, ते निरंजनला माहीत होतं. आत्ता, ह्या घडीला बोलायला हवं, हेही त्याला कळत होतं. तो म्हणाला, "खजूर चांगला आहे का?"

निवेदनात शेवटी एक ओळ होती: संबंधित व्यक्तीस पूर्ण कल्पना दिली आहे. होय किंवा नाही. चाचणीच्या जहाजाची यादी पक्की होत होती आणि त्याची सहकारी वेदांगी तोडणकर सारखी विचारत होती, "सर, तुमचं नाव अजून का नाही?" निरंजननं विचार केला, आज ना उद्या आपण सांगणारच आहोत. मग आधी लिहिलं काय आणि नंतर सांगितलं काय. कॉलेजातून मृणाल यायच्या आत, स्वतःच्या घरात सोफ्यावर बसून, त्यानं 'होय'वर बोट ठेवलं.

निवेदन भरलं, की पडताळणी अधिकारी घरी येऊन घरच्यांशी दोन शब्द बोलतो, हे नियमात पुढे लिहिलेलं होतं. त्यानं तिथवर वाचलं नव्हतं.

*

तेजल दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आली. मृणालनं दार उघडलं, ओळख करून घेतली, आणि नेहमीच्या अगत्यानं तिला आत बसवलं. निरंजन आतल्या खोलीतून बाहेर आला तेव्हा दोघींचं सावंतवाडीबद्दल बोलणं चाललं होतं. तेजल तिकडची. त्याचे पाय दारातच थबकले.

"मॅडम, फार वेळ घेणार नाही," तेजल म्हणाली. "घरच्यांवर आम्ही कुठलंही यंत्र लावत नाही, कायद्यानं लावताच येत नाही. फक्त एक विचारायचं असतं. दुकानांच्या पैशांबद्दल सर तुमच्याशी बोललेत ना?"

"दुकानांच्या?"

"म्हणजे, सर जे पैसे भरतात ते."

मृणालनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. निरंजन तिच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. तो जमिनीवरच्या फरशीकडे बघत राहिला, आणि त्याच्या त्या मान खाली घालण्यातच मृणालला काय ते सगळं कळलं. तेजल हातातलं पेन धरून थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर शंका उगवू लागली होती.

"हो," मृणाल म्हणाली. आवाज वर्गात बोलावं तसा स्वच्छ होता. "मी दुकानांतून वस्तू उचलते. पैसे न देता. पुष्कळ वर्षं. आणि निरंजन मागाहून जाऊन पैसे भरतो. आमचं बोलणं झालंय त्यावर."

तेजलच्या खांद्यांवरचा ताण उतरला. "हे बोलणं सोपं नसतं, मॅडम. मी बऱ्याच घरी जाते. इतकं सरळ कोणी बोलत नाही."

"चहा घेणार ना तुम्ही?" मृणालनं विचारलं.

तिनं चहा केला. बिस्किटं मांडली. तेजल निघाली तेव्हा फाटकापर्यंत पोचवायलाही गेली. निरंजन होता तिथेच उभा होता. ओरडा, रडणं, काहीही आलं असतं तरी त्याला चाललं असतं. पण आपल्या खोटेपणाला तिनं स्वतःच्या अब्रूचं पांघरूण घातलं होतं, आणि तेही विचार करायला श्वासभर वेळ नसताना.

मृणाल आत आली. दार लावून तिनं कडी घातली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"सहा वर्षं."

"कोणकोणत्या दुकानांत?"

तो सांगू लागला. मुकादम, पावसकर, धनजी नाक्यावरचे आंब्रे. प्रत्येक नावाला ती नुसती मान हलवत होती. मध्येच ती खुर्चीचा हात धरून खाली बसली.

"म्हणजे ते खजूर," ती म्हणाली. "ते सगळे मला मॅडम मॅडम म्हणायचे. बघायचे माझ्याकडे. माझ्या हाताकडे बघायचे होय रे?"

"मृणाल, मी तुला जपायला..."

"मला जपायला तू सगळ्या गावाला माझ्यामागे उभं केलंस. मी रोज त्या रस्त्यानं मान वर करून चालत होते, आणि तू चालू दिलंस मला तसं." तिचा आवाज आता फाटला होता. "एकदा हात धरला असतास माझा. मारलं असतंस तरी चाललं असतं. ईशानीला माहीत आहे?"

"नाही. देवाशपथ."

"त्या मुलीला, त्या ऑफिसरला, माझ्याआधी सांगितलंस."

निरंजन तिच्यासमोर येऊन बसला. त्यानं विचारलं, "का करतेस तू?"

"माहीत असतं तर थांबले नसते?" ती म्हणाली. "हात जातो. दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत अगदी मोकळं मोकळं वाटतं. आणि गल्लीचं टोक येईपर्यंत स्वतःची किळस येते. घरी येऊन ते डोळ्यांसमोरसुद्धा नको होतं."

त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. परवाना मंजूर झाल्याचा निरोप आला. जहाजाच्या यादीत त्याचं नाव चढलं. फाटकावरच्या पडद्यानं विचारलं, घरी सगळे बरे आहेत का? निरंजन 'हो' म्हणाला. पारखेचा आकडा महिन्याच्या सरासरीचा असायचा. ताज्या खोट्याचं वजन त्यात मिसळायला वेळ लागणार होता, आणि तोवर चाचणी उरकली असती.

*

शनिवारी सकाळी मृणालनं साडी नेसली आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"तू जातोस तिथे."

पहिल्यांदा ती मुकादमांकडे गेली. निरंजन मागोमाग पायरी चढायला लागला तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. तो फुटपाथवर उभा राहिला. काचेतून त्याला दिसत होतं. मृणाल काउंटरसमोर उभी राहून काहीतरी बोलली, थोडंच. नझीरभाईंनी दोन्ही हात वर केले, मग जोडले, मग डोळे पुसले. पावसकर तर तिला बोलूच देईनात. "अहो मॅडम, काय एवढं मोठं, चालायचंच," असं म्हणत त्यांनी स्वतःच विषय बदलला. पण आंब्रे स्टेशनरीत आंब्रेबाई गल्ल्यावर होत्या. दार उघडंच असल्यानं त्यांचं बोलणं बाहेर ऐकू आलं.

"बरं झालं स्वतः आलात," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात की मी कामावरच्या पोरीला तुमच्यामागे उभी करायचे. पोरगी मला म्हणायची, काकू, मॅडमच्या मागे उभं राहायला मला लाज वाटते."

मृणाल बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती पर्स छातीशी धरून चालत राहिली. निरंजन तिच्यापासून दोन पावलं मागे होता. आपण एवढी वर्षं ह्याच दुकानांच्या मागच्या मांडणीपाशी कुजबुजत होतो, आणि ही एका सकाळीत समोरच्या दारानं जाऊन आली, हे त्याच्या मनातून जाईना.

घरी पोचल्यावर तो म्हणाला, "मी सोमवारी जाऊन सांगणार आहे. निवेदनात खोटं लिहिलं म्हणून."

"माझ्यासाठी जात असशील तर नको जाऊस. मला आता कोणाचे उपकार नकोत."

"तुझ्यासाठी नाही."

मग कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही धड सांगता आलं नसतं. महिन्याभरानं पकडले जाऊ ही भीती त्यात होती, आणि त्या काचेतून पाहिलेलंही होतं. दोन्हींतलं कोणतं जास्त, ते त्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

सोमवारी तेजलनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिचे कान लाल झाले. तिच्यासमोर तिच्याच प्रश्नानं एका बाईला नवऱ्याचं गुपित कळलं होतं, हे तिला आत्ता समजत होतं.

"सर, मॅडमनी काय उचललं ते आम्हाला आडवं येत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही सहा वर्षं झाकलंत, तेही चाललं असतं. पण तुम्ही आम्हाला लिहून खोटं दिलंत. ह्याला नियमात वाट नाही."

"मला कल्पना आहे."

"आता तुमचा भार शून्यावर येईल बघा," ती उदासपणे म्हणाली. "आणि परवाना मला काढून घ्यावा लागेल."

*

निरंजनची बदली वाचनालयाच्या इमारतीत झाली. तिथे बाहेरच्या कॉलेजांतून येणाऱ्या मुलांना तो ध्वनिशास्त्राची तोंडओळख करून द्यायचा. कड्यावरच्या इमारतीत शिरायचं त्याचं कार्ड परत घेतलं होतं. जुने सहकारी कॅन्टीनमध्ये भेटले की हवापाण्याचं बोलत. गावात मात्र त्याच्यापेक्षा मृणालचीच चर्चा जास्त झाली. ती कॉलेजात जात राहिली. पहिले काही दिवस वर्गात कुजबुज चाले. एकदा फळ्यावर कोणीतरी सेफ्टी पिनेचं चित्र काढून ठेवलं होतं. तिनं ते पुसलं आणि तास घेतला. घरी आल्यावर बराच वेळ ती न्हाणीघरातून बाहेर आली नाही. निरंजन दाराबाहेर उभा राहिला. ठोठावावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

महिन्यातून एकदा दोघं कोल्हापूरला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागली. गाडीत ती बोलायची कमी, पण जाताना त्याला सोबत घ्यायची. ईशानीला तिनं स्वतः फोन करून सांगितलं. पलीकडून काय आलं, ते निरंजनला तिनं कधी सांगितलं नाही.

जहाज समुद्रचाचणीहून परत आलं, त्या दिवशी वेदांगीचा फोन आला. तिचा श्वास चढलेला होता. "सर, तुम्हाला सांगते..."

"सांगू नकोस," निरंजन घाईनं म्हणाला. "वेदांगी, काही बोलू नकोस. तुझा परवाना जाईल."

"पण सर, तुमचंच तर..."

"ठेव फोन."

त्यानंच फोन बंद केला. तिचा आवाज आनंदानं भरला होता की रडवेला होता, ते त्यानं त्या तीन-चार शब्दांतून पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. पंख्याच्या आवाजावरून जहाज ओळखणाऱ्याला तेवढंही ओळखता आलं नाही.

मृणाल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "चाललं का रे तुझं ते?"

आपण काय बनवत होतो, ते त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि आता तर सांगण्यासारखंही त्याच्याजवळ उरलं नव्हतं. "माहीत नाही," तो म्हणाला. "मला ते कळायचा अधिकार नाही आता."

ती येऊन शेजारी बसली. तिनं त्याचं सांत्वन केलं नाही. पण तेजल घरी येऊन गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती त्याच्या इतक्या जवळ बसली होती.

दिवाळीच्या आधी साळवी स्टॉपजवळच्या नव्या मोठ्या दुकानात दोघं सामान आणायला गेली. गर्दी होती. निरंजन डाळीची पाकिटं टोपलीत टाकत होता, इतक्यात मागून मृणालचा आवाज आला.

"निरंजन, घेतलं बघ."

तो वळला. ती मांडण्यांच्या मधोमध उभी होती. एक हात पर्समध्ये होता. तो तिनं बाहेर काढला, त्यात एक साधा प्लॅस्टिकचा कंगवा होता. ती हळू बोलली नव्हती. पलीकडच्या दोन बायकांनी माना वळवल्या. एक मुलगी तिला ओळखून जागच्या जागी थांबली.

निरंजननं सर्वांत आधी काय केलं, तर ओळखीचं कोण कोण आहे ते बघितलं. पटकन, डावीकडून उजवीकडे. मृणालनं ते पाहिलं.

"लाज वाटली?" तिनं विचारलं.

खोटं बोलणं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. "हो," तो म्हणाला.

"मलाही वाटते," मृणाल म्हणाली. तिनं कंगवा त्याच्या टोपलीत टाकला, टोपली त्याच्या हातातून घेतली, आणि पैसे द्यायच्या रांगेत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.